खालचा होज गार आहे

अंकलीच्या पुलावर काटा चढायला लागला.
आधी निम्म्यावर, मग तांबड्या रेघेला टेकून.
मी हीटर लावला. मे महिन्यात, काचा खाली करून,
पायांवर भट्टी सोडून घेत
विश्रामबागेपर्यंत आणली तिला.

दस्तगीर मिस्त्री फोनवर म्हणाला,
"थर्मोस्टॅट काढून टाका की ताई.
आपल्याकडं कशाला लागतंय ते? थंडी असती का हितं?"
म्हटलं, आधी बघते.
फाउंड्रीच्या स्टोअरला बावीस वर्षं काढलीत,
न बघता काही भंगारात टाकायची सवय नाही.

इंजिन निवायला दीड तास गेला.
(गरम असताना झाकण उघडायचं नाही.
मामंजींच्या मनगटावरचा पांढरा डाग
याच गाडीनं दिलेला.)
डिपस्टिक ओढली, हळदीच्या पोत्याच्या तुकड्यानं पुसली,
पुन्हा घातली, पुन्हा ओढली.
ऑइल काळं. दुधाळ नाही.
म्हणजे हेड गॅस्केट शाबूत.
एवढा मोठा श्वास पोराच्या दहावीच्या निकालालाही सोडला नव्हता.
पाणी भरलेलं. पट्टा घट्ट.
पंख्याला थेट वायर जोडली, तर गरगरला.

आता एकच राहिलं, आणि त्याला माणसं दोन लागतात.
एक आत, काट्यावर डोळा ठेवून.
एक बाहेर, होजवर हात ठेवून.

खाली मी एकटी.
वर कुमुद.
थोरली जाऊ. सोळा महिने बोललो नव्हतो
पाण्याच्या मोटरच्या बिलावरून;
म्हणजे सुरुवात बिलावरून, पुढचं जाऊ दे.
गाडी तेवढी दोघींची,
मामंजींनी ती कुणाच्याच नावावर केली नाही.

जिन्याकडं बघून, कुणालाच नाही असं म्हटलं,
"कुणी नुसतं आत बसलं असतं तरी झालं असतं."

चपला वाजल्या.
ती आली, पदर खोचला, सीटवर बसली,
न विचारता चावी फिरवली.

काचेआडून तिनं बोटांनी सांगितलं : निम्मा.
थोड्या वेळानं बोटं वर गेली.
वरच्या होजवर हात टिकेना.
खालच्यावर ठेवला,
माठाच्या बुडासारखा गार.
"बंद कर," मी ओरडले.
तिनं केली.

दोन बोल्ट, एक तगारी, कोपरापर्यंत चिखलपाणी,
आणि हातात आली ती एवढीशी डबी,
स्प्रिंगसकट पांढऱ्या थरानं माखलेली.
गिझरात साठतो तोच थर.
बोअरचं पाणी ओतलं होतं ना आम्हीच,
एक उन्हाळा तिनं, एक उन्हाळा मी.

मी चहाचं पातेलं घ्यायला गेले, तेव्हा दारातून ती बोलली :
"चहाचं नको. आमच्यातलं जुनं आणते."

दोऱ्याला बांधून डबी पाण्यात सोडली, गॅस मोठा केला.
दोघी वाकून.
पाण्याला आधण आलं, खळखळलं, ओट्यावर उडालं.
डबी तशीच. मिटलेली.

नवीन आणली, तीनशे ऐंशीला.
तीही त्याच पातेल्यात सोडली; नव्याचा काय भरवसा?
तळाला बुडबुडे धरले,
मग कड सुटली, नखाएवढी,
आवाज न करता.
"हां," कुमुद म्हणाली. "असं उघडतंय होय."

संध्याकाळी हिरवं कूलंट भरून गाडी उभ्या जागी चालू ठेवली.
काटा निम्म्याला येऊन थांबला. थांबूनच राहिला.
मी तिला बाहेर बोलावलं, "हात लाव खाली."
तिनं आधी बोट लावलं, मग तळवा.
"कोमट आहे."
थोड्या वेळानं,
"आता तापला."
पंखा आपोआप सुरू झाला, आम्ही दोघी दचकलो.

ती वर गेली. मोटरचं बिल निघालं नाही.
पातेलं अजून माझ्याच ओट्यावर आहे,
आत पांढरी कड, चिंचेनं घासूनही जात नाही.
नेऊन द्यायचं आहे.